नीतिसूत्रं रोजच्या जगण्यात कशी उतरवायची: एका वचनाला एक आठवडा

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय ३१, आणि महिन्याचे दिवसही बहुधा तितकेच. म्हणून रोज एक अध्याय वाचायची पद्धत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत चांगली रुळली आहे. पुस्तकाची ओळख व्हायला ती उत्तम आहे, पण वचन वागण्यात उतरायला तेवढी पुरत नाही. दहाव्या अध्यायापासून पुढं जवळजवळ प्रत्येक ओळ सुटी आहे. एकट्या दहाव्या अध्यायात ३२ वचनं आहेत. सकाळी घाईत ती सगळी वाचली, तर दुपारी भावाशी वाद होतो तेव्हा त्यातलं एकही तोंडाशी येत नाही.

शहाणपणासाठी या पुस्तकात जो हिब्रू शब्द वारंवार येतो, तो होखमा. हाच शब्द बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात बसालेलासाठी आला आहे. बसालेल सोनं, रुपं, पितळ आणि लाकूड यांत काम करणारा कारागीर होता. म्हणजे शास्त्राच्या भाषेत सुताराचं कसब आणि जगण्याचं शहाणपण यांना एकच शब्द आहे. रंधा धरायला शिकणारा पोर एकाच दिवशी सगळी हत्यारं हातात घेत नाही. आठवडाभर एकाच फळीवर एकच हात मारतो. वचनाचंही तसंच करायचं: आठवड्याला एक वचन, एक जागा, एक माणूस.

आधी पुस्तकाची मांडणी

अध्याय १ ते ९ ही सलग शिकवण आहे. बाप मुलाला सांगतो आहे, आणि १:८ मध्ये (म्हणजे अध्याय १, वचन ८) आईचाही उल्लेख आहे. हे नऊ अध्याय सुटे तोडू नयेत. दोन-तीन बैठकांत एकदा पूर्ण वाचून काढावेत. १:७ ही साऱ्या पुस्तकाची चौकट: ज्ञानाची सुरुवात परमेश्वराच्या भयापासून. हे सोडलं तर खाली उरतं ते व्यवहारचातुर्य, आणि त्यासाठी आपल्या म्हणी पुरेशा आहेत.

१०:१ ते २२:१६ मध्ये शलमोन राजाची सुटी वचनं आहेत, आणि रोजच्या कामाला सर्वांत जास्त तीच येतात. २२:१७ पासून ज्ञान्यांची वचनं सुरू होतात. २५ ते २९ ही पुन्हा शलमोनाची, पण हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून काढलेली, म्हणजे शलमोनानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. तिसावा अध्याय आगूराचा, एकतिसावा लमुवेल राजाचा.

पहिली पायरी: गरजेवरून वचन निवडा

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं, असं करू नका. रविवारी संध्याकाळी वहीत एकच ओळ लिहा: गेल्या आठवड्यात मी कुठं चुकलो? नवऱ्याला चारचौघांत टोचून बोलले. मजुराचे पैसे बाजाराच्या दिवशी दिले नाहीत. मंडळीच्या वॉट्सअ‍ॅप गटावर खात्री न करता पुढं पाठवलं. मग त्याला लागू पडणारं वचन शोधा. रागासाठी १५:१, पूर्ण ऐकून न घेता उत्तर देण्यासाठी १८:१३, चहाडीसाठी २६:२०, थकवलेल्या मजुरीसाठी ३:२७ आणि २८, दारूसाठी २३:२९ ते ३५, कुणाच्या घरी उठसूट जाण्यासाठी २५:१७.

निवडलेलं वचन पुढचे सात दिवस बदलायचं नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, आणि बहुतेक जण तिथंच सोडतात. पण ते वचन आपल्याला कुठं बोचतं, हे समजायला चौथा-पाचवा दिवस उजाडावा लागतो.

दुसरी पायरी: हातानं उतरवा आणि दोन तुकडे करा

वचन वहीत हातानं लिहा. मोबाइलवर चित्र करून ठेवलेलं वचन लक्षात राहत नाही. हिब्रू काव्यातली ओळ बहुतेक वेळा दोन भागांची असते. मधे उभी रेघ मारा आणि दोन्ही भागांचं नातं काय आहे ते बघा.

मधे ‘पण’ असेल तर दोन रस्ते समोर ठेवलेले आहेत. अध्याय १० ते १५ मध्ये असे जोड सर्वांत जास्त. दुसरा भाग पहिल्याचंच दुसऱ्या शब्दांत बोलत असेल, तर दोन्ही मिळून एक अर्थ घ्या. तिसरी तऱ्हा ‘यापेक्षा ते बरं’ या वचनांची, आणि इथं थोडं थांबायला हवं. १५:१७ घ्या. एका पारड्यात भाजीपाला आणि प्रेम, दुसऱ्यात पोसलेला बैल आणि द्वेष. वजनं चार आहेत. गरिबी चांगली असं हे वचन म्हणत नाही, आणि गोडधोडाला वाईटही म्हणत नाही. दोन्ही एकत्र मिळत नसेल तर काय हातातून सुटू द्यायचं, एवढंच ते सांगतं. पोरीच्या लग्नाची यादी करताना हे वचन समोर ठेवा. पंगतीत आणखी दोन पदार्थ वाढवण्यापायी दोन भाऊ वर्षभर बोलणार नसतील, तर कुठल्या ओळीवर काट मारायची ते आपोआप दिसतं.

तिसरी पायरी: हे वचन अभिवचन आहे का, ते तपासा

सर्वांत जास्त दुखावलेली माणसं इथं सापडतात. नीतिसूत्र हे जगात साधारणपणे काय घडतं त्याचं निरीक्षण असतं. देवानं प्रत्येकाला लिहून दिलेली हमी म्हणून ते वाचू नये.

१०:४ सांगतं की ढिला हात दरिद्री करतो आणि उद्योगी हात धन मिळवतो. खरं आहे. पण ऑगस्टमध्ये महिनाभर पावसानं दडी मारली, सोयाबीन फुलोऱ्यात करपलं, आणि त्या शेतकऱ्याला हे वचन ऐकवलं, तर ते वचन खोट्या जागी वापरलं. त्याच पुस्तकात १३:२३ आहे: गरिबाच्या रानात पुष्कळ पिकतं, पण अन्यायानं ते वाहून जातं. शास्त्राला दोन्ही ठाऊक आहे. बायबलच्या ईयोब या पुस्तकात, सारं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हीच चूक केली. त्यांची कितीतरी वाक्यं नीतिसूत्रांत शोभली असती, पण राखेत बसलेल्या माणसापुढं ती क्रूर ठरली, आणि ईयोब ४२:७ मध्ये देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर. दुष्काळी भागातल्या मंडळीनं नीतिसूत्रे वाचताना ईयोब हाताशी ठेवलाच पाहिजे, हे आम्ही आग्रहानं सांगतो.

२२:६ चंही असंच. लेकराला योग्य वळण लावलं की म्हातारपणीही ते सोडत नाही, हे ऐकून किती आईबाप स्वतःला दोष देत झुरतात. लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या बापानं वळण लावलं नव्हतं का? धाकटा तरी गेलाच. हे वचन आईबापाला कामाला लावण्यासाठी आहे. वीस वर्षांनी त्यांच्यावर निकाल देण्यासाठी ते वापरू नये.

म्हणून प्रत्येक वचनाला त्याचा जोडीदार शोधायचा. २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणं उत्तर देऊ नको. लगेच पुढचं २६:५ म्हणतं दे. दोन्ही शेजारीशेजारी मुद्दाम ठेवलेली आहेत. आपल्याकडंही ‘बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत’ म्हणणारा माणूसच दुसऱ्या वेळी गप्प बसायचा सल्ला देतो, आणि त्यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. कोणतं वचन कुठल्या वेळेचं, हे ओळखणं हाच कसबाचा मोठा भाग आहे. वहीत मूळ वचनाखाली जोडीदार वचनाचा आकडा लिहून ठेवा.

चौथी पायरी: वचन ख्रिस्ताकडं न्या

ही पायरी गाळली की वचन फक्त ओझं होतं. मत्तय १२:४२ मध्ये प्रभूनं स्वतःविषयी म्हटलं की शलमोनापेक्षा थोर असा एक इथं आहे. १ करिंथ १:३० मध्ये ख्रिस्तच आपल्यासाठी ज्ञान झाला असं प्रेषित पौल लिहितो. मग प्रत्येक वचनाला दोन प्रश्न विचारा. प्रभूनं हे स्वतः कसं जगलं? आणि मी यात पडलो, तर त्यानं माझ्यासाठी काय केलं?

नव्या करारानं काही वचनांची वाट आधीच दाखवली आहे. शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, हे २५:२१ आणि २२ मधलं वचन पौल रोमकरांस १२:२० मध्ये घेतो, आणि पुढच्याच ओळीत बऱ्यानं वाइटाला जिंकायला सांगतो. ३:११ आणि १२ मधली बापाची शिस्त इब्री १२ मध्ये येते. ३:३४ मधली नम्रांवरची कृपा याकोब ४:६ आणि १ पेत्र ५:५ मध्ये सापडते. सुरुवातीला हीच वचनं घ्या. शहाणपण कमी पडलं की याकोब १:५ प्रमाणं देवाकडं मागा. देव दोष न लावता देतो.

पाचवी पायरी: जागा, माणूस आणि वाक्य ठरवा

‘मी गोड बोलेन’ असा निश्चय दुपारपर्यंत टिकत नाही. वहीत असं लिहा: संध्याकाळी शाळेचा अभ्यास घेताना मोठ्या पोराचं गणित तिसऱ्यांदा चुकलं, की मी आधी पाणी पिईन आणि म्हणेन, ‘कुठं अडलं ते मला दाखव.’ जागा, माणूस आणि तोंडातून निघणारं वाक्य, तिन्ही लिहायचीच. वाक्य आपल्या घरच्या बोलीत असावं. पुस्तकी वाक्य रागाच्या वेळी जिभेवर येत नाही.

प्रत्यक्षात कसं: जामीनकी

जामीनकीवर नीतिसूत्रे बऱ्याच ठिकाणी स्पष्ट बोलतं, त्यांतल्या या चार जागा: ६:१ ते ५, ११:१५, १७:१८ आणि २२:२६-२७. शेवटच्या जागी तर चित्रच उभं केलं आहे: द्यायला काही नसलं, तर अंगाखालचं अंथरूण का ओढून न्यावं?

आपल्याकडं जामीनदार म्हणून सही करणं ही नुसती ओळख देण्यासारखी गोष्ट समजली जाते. कायद्यात तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणं, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँक किंवा पतसंस्था कर्जदाराला सोडून थेट तुमच्याकडं येऊ शकते. म्हणून सही करण्याआधी कागदावर हिशेब मांडा. दोन लाखांचं कर्ज, वार्षिक १२ टक्के, तीन वर्षं मुदत: महिन्याचा हप्ता सुमारे ६,६४३ रुपये. हा हप्ता घर चालवून मला एकट्याला तीन वर्षं भरता येईल का? येत नसेल, तर सही करू नका. बचत गटाच्या कर्जातही हेच विचारा, कारण एकीचा हप्ता थकला की वसुलीचा दबाव बाकीच्या बायांवर येतो.

नकार द्यायलाही वाक्य लागतं. ‘भाऊ, माझी ऐपत तेवढी नाही, सही करून तुला फसवल्यासारखं होईल. पण हे पाच हजार घे, हे परत नको देऊ.’ इथं ३:२७ हे जोडीदार वचन कामाला येतं: हातात असेल तेव्हा भलं करायला मागं हटू नको. जामीनकी नाकारून मदतही नाकारली, तर वचन अर्धंच पाळलं.

सही आधीच झाली असेल तर ६:३ ते ५ सांगतं, झोप घेऊ नको, जा, गळ घाल, हरणासारखा सुटून ये. रक्कम उचलली गेल्यावर नुसता अर्ज देऊन जामीनकी सुटत नाही. कर्जदाराला सोबत घेऊन शाखेत जा, दुसरा जामीनदार किंवा तारण देता येईल का ते विचारा, आणि बाकी रकमेचा उतारा लेखी मागा. हे त्याच आठवड्यात करा.

आणि चौथी पायरी? इब्री ७:२२ मध्ये येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. आमची ऐपत नव्हती आणि त्यानं पूर्ण भरण्याच्या तयारीनं सही केली. फिलेमोनच्या पत्रात पौलही फिलेमोनचा दास अनेसिम याचं देणं स्वतःच्या नावावर मांडायला सांगतो. पूर्ण भरण्याच्या तयारीनं, डोळे उघडे ठेवून घेतलेली जामीनकी प्रेमाची असू शकते. भिडेपोटी घेतलेली नव्हे.

धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद

पूर्वजांनी घातलेली हद्द सरकवू नको, असं २२:२८ म्हणतं, आणि २३:१० मध्ये पोरक्यांच्या शेताचा उल्लेख आहे. धुरा कोरणं म्हणजे काय ते इथं समजावून सांगावं लागत नाही. दर नांगरटीला वीतभर सरकलं की काही वर्षांत नांगराचं एक तास (एक ओळ) आपल्याकडं येतं, आणि शेजारीण विधवा असेल तर कुणी बोलतही नाही. नांगर किंवा ट्रॅक्टर लावण्याआधी स्वतः जाऊन जुनी खूण बघा आणि चालकाला धुऱ्यापासून दोन हात अंतर सोडायला सांगा. चालक आपल्या मनानं कोरतो आणि मालक नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणतो, ही नेहमीची पळवाट आहे.

दुसऱ्यानं कोरला असेल तर १७:१४ धरा. भांडणाची सुरुवात म्हणजे पाण्याला वाट फोडणं. पाट फुटल्यावर दोन हातांनी माती लावून पाणी थांबत नाही, म्हणून पहिलं वाक्य महत्त्वाचं. ‘दादा, तुमचं-माझं बोलून मिटायचं नाही, मोजणी मागवू. दगड जिथं पडंल तिथं दोघांनी मान्य करायचं.’ मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात सातबारासह करता येतो. मंडळीतले दोघं भांडत असतील, तर पंच म्हणून बसणाऱ्यांनी १८:१७ लक्षात ठेवावं: पहिला बोलणारा नेहमी खरा वाटतो. दुसऱ्याचं ऐकेपर्यंत मत देऊ नका, प्रार्थनेतही नाही. प्रार्थनेच्या शब्दांतून बाजू घेतलेली लगेच कळते.

मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात) आणि दुकानात

खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, असं ११:१ सांगतं, आणि २०:१० मध्ये दोन प्रकारच्या वजनांचा उल्लेख आहे. त्या काळी वजनं दगडाची असत. घेताना जड आणि देताना हलका दगड पिशवीत ठेवणारे होते. आज काटा इलेक्ट्रॉनिक झाला तरी पाप तेच आहे. दुकान असेल तर काट्यावरचा वैधमापन विभागाचा शिक्का या वर्षीचा आहे का बघा, आणि आठवड्यातून एकदा एक किलोचं सीलबंद मिठाचं पाकीट ठेवून काटा साधारण बरोबर दाखवतो का ते ताडून घ्या.

विकणाऱ्यालाही हेच वचन आहे. सोयाबीन १५ टक्के ओलाव्याचं असून १२ टक्क्यांच्या भावानं घालायचं म्हटलं, तर क्विंटलमागं सुमारे ३.४ किलो पाणी धान्य म्हणून विकलं जातं. तितकी घट आडत्यानं धरली तर तो लुबाडतो असं म्हणू नये. त्याहून जास्त धरली तर जरूर बोलावं, आणि ओलावा आपल्यासमोर मोजून मागावा. घेणाऱ्यासाठी २०:१४ आहे: वाईट आहे, वाईट आहे, असं म्हणून भाव पाडायचा आणि घरी जाऊन फुशारकी मारायची. आठवडी बाजारात भाजीवालीशी घासाघीस करताना हे वचन आठवलं, तरी पुष्कळ झालं.

कुठं बिघडतं

सर्वांत घातक गैरवापर घरात होतो. मार खाणाऱ्या बाईला १५:१ ऐकवलं जातं, की तू मऊ बोलली असतीस तर त्याचा राग शमला असता. हे वचन बोलणाऱ्याच्या जिभेसाठी आहे, मारणाऱ्याची सफाई म्हणून दिलेलं नाही. तिच्यासाठी २२:३ आहे: शहाणा अरिष्ट येताना पाहून लपतो. आणि मंडळीसाठी ३१:८ व ९ आहे: जे बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी तोंड उघड. पाळकांनी आणि महिला मंडळानं आधी तिला सुरक्षित जागी हलवावं, महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांचा ११२ लावावा. समेटाचं बोलणं नंतर.

३१:१० ते ३१ मधल्या सद्गुणी स्त्रीचंही असंच होतं. सुना मोजायची पट्टी म्हणून ते वापरलं जातं. हे हिब्रू वर्णमालेतल्या २२ अक्षरांवर रचलेलं स्तुतिगीत आहे. त्याची शेवटची ओळ क्वचितच वाचली जाते: तिच्या हातचं फळ तिला द्या. आता ही ओळ वापरा. शिवणाचे, दुधाचे, बचत गटाचे पैसे तिच्या नावच्या खात्यात जाऊ द्या आणि पासबुक तिच्याकडं राहू द्या.

आणखी एक चूक, आणि ती चांगल्या माणसांकडून होते. वचन स्वतःसाठी घेतलेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्याला लागू करायला सुरुवात होते. हे थांबवायला साधा नियम: ज्या आठवड्यात जे वचन वहीत आहे, ते त्या आठवड्यात कुणालाही ऐकवायचं नाही, स्टेटसलाही ठेवायचं नाही.

घरच्या प्रार्थनेत

कौटुंबिक प्रार्थनेत सगळ्यांचं वचन एकच असावं. प्रत्येकाची जागा आणि वाक्य वेगळं. लेकरांना अर्धी ओळ म्हणून दाखवा आणि दुसरी अर्धी त्यांच्याकडून घ्या. दोन भागांची रचना पाठांतराला फार सोपी जाते. लहानगी मधेच गोंधळ घालतात. १४:४ म्हणतं, बैल नसले की गव्हाण स्वच्छ राहते, पण पीक येतं ते बैलाच्या बळावर. तो गोंधळ चालू द्या.

शनिवारी रात्री दहा मिनिटं पुरतात. वहीत तीन गोष्टी लिहा: वाक्य किती वेळा बोलायची वेळ आली, किती वेळा खरंच बोललो, आणि जिथं चुकलो तिथं कुणाची माफी मागायची राहिली. सहापैकी दोनदा जमलं असेल, तर दोनच लिहा. माफी रविवारच्या उपासनेआधी मागायची, आणि त्या माणसाच्या नावापुढं तारीख टाकायची.